तापल्या मिठाचा शेक

त्या दिशी घरात चौघं जणं व्हती: सासरं, सासू, माजं मालक नि मी. आज सुनेनं माज्या गुडघ्याला शेकायला तव्यावर मीठ तापवलं, त्या वासानं तो दिस आठवला. पनवेलच्या खाडीकडं आमचं मिठागर. सकाळी मीठ ओढता ओढता सासरं खाली बसलं, ते उठलंच नाय. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेली. सासू म्हनाली, "वारं गेलं अंगावरून. शेकलं का उतरतं." आमच्यात कशावरबी मिठाचाच शेक. तिनं कढत पुरचुंडी त्या हातावर दाबली. सासरं हललंबी नाय. ती मला म्हनाली, "बग, कसं सोसतात. जन्म मिठात गेला, त्यांना त्याची आग कसली?" आनि अजून तापवाय लावलं. दुपारी मालकांनी बैलगाडीतून डाक्टर आनला. त्यानं फडका उचलला, तर कातडं संगं आलं. "बाय, त्या हाताला काही कळतच नाही," तो म्हनाला. सासूनं इचारलं, "मग ते का बोललं नाय?" डाक्टरनं हाताला पट्टी बांदली. मग म्हनाला, ह्या आजारावर माज्याकडं औषद नाय, कुशी बदला, हात हलवत रावा. पन भाजलेला हात हलवायचा कसा? जखम चिघळली, नि पावसाच्या आत सासरं गेलं. सासूला कोनी बोल लावला नाय. आमा सगळ्यांना तेवढंच ठावं व्हतं. आता औषद हाय म्हनतात, पन लगेच न्यावं लागतं. म्हनून सांगते, कुनाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर शेकत बसू नका. तसंच उचला नि मोठ्या दवाखान्यात न्या.