वडील म्हणतात

नाताळच्या करंज्यांचा वास आला की गारखेड्यातलं ते घर आठवतं. एका दिवंगत पाळकांचं प्रवचनांचं पुस्तक पुन्हा निघणार होतं. त्यांनी प्राचीन ख्रिस्ती आचार्यांचे उतारे नाव न देता उचललेत, असं मी प्रकाशकांना कळवल्यावर छपाई थांबली. नाताळात त्या घरी गेलो, तेव्हा करंज्यांची ताटली पुढं करत पाळकांची मुलगी म्हणाली, “सर, प्रत्येक उताऱ्याआधी पप्पांनी ‘वडील म्हणतात’ असं लिहिलंय की.” मी म्हणालो, “म्हणजे श्रेय स्वतःच्या वडिलांना दिलं!” ती हसली. “आजोबांना? त्यांना तर सही येत नव्हती, सर. आमच्यात त्या आचार्यांनाच वडील म्हणतात.” मी “बघतो” म्हणून उठलो, पण माझी चूक कुणालाच कळवली नाही, जाणकार म्हणून माझं नाव होतं. पुस्तक निघालं नाही, पाळक चोर ठरले, आणि हे लिहायला मी त्या मुलीच्या मरणाची वाट पाहिली.