ह्यांच्या मोबाइलचा बॅकअप

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरमधून काही उडवण्याआधी एवढं वाचा.

हे वारल्यापासून देवळीचं आमचं कापडाचं दुकान दीर पाहतात. ह्यांचा मोबाइल केव्हाच बंद पडला. त्यातले आवाजाचे मेसेज तेवढे दुकानाच्या कॉम्प्युटरवर बॅकअपमध्ये होते. आज दिरांनी बोलावलं. म्हणाले, "दादा गेला, पण जागा अडवूनच राह्यला, वहिनी. घेऊन जा."

मी नवी हार्ड डिस्क नेली. ह्यांच्या नावाचा फोल्डर त्यांनी तिच्यावर टाकून दिला. मी तिथेच उघडून पाहिला. "जेवली का?" ह्यांचा आवाज आला. मीच म्हटलं, आता उडवा.

घरी बोरगावला येऊन मुलीच्या लॅपटॉपला डिस्क लावली, तर काहीच उघडेना. मुलगी म्हणाली, हा नुसता शॉर्टकट आहे, खऱ्या फोल्डरकडे नेणारी खूण. दुकानात आवाज आला, कारण खरा फोल्डर तेव्हा तिथे होता.

दिरांना फोन केला. "रीसायकल बिनही खाली केली. आता काऊन रडता? नाव तर दिसते ना दादाचं."

बिन खाली केल्यावर काही परत मिळतं का, ठाऊक असेल त्यांनी सांगा. मिळत नसेल तर तसंच लिहा. धीर देऊ नका.