स्टाइनवोरचं नाचाचं गाणं

स्टाइनवोर आणि मी एकाच गावचे. रेक्याविकमध्ये ती जॅझ गायची, मी मागे ड्रम वाजवायचो. आईच्या आजारपणासाठी ती गावी परतली आणि अडकलीच. इथे जॅझ कोण ऐकणार, डोंबल! पोटासाठी ती अंत्यविधींना गाऊ लागली. पुढे वीसेक वर्षं तिच्या गाण्याशिवाय गावातलं कुणी मातीआड गेलं नाही. तिच्या मागोमाग मीही गावी परतलो आणि मासळीच्या कारखान्यात लागलो.

"मी माणसं पोचवणारी बाई झाले रे," ती म्हणायची. "एकदा तरी ह्या ठोंब्यांना नाचवायचंय मला."

गावच्या हौशी मंडळींनी नाटक बसवलं, संगीत तिचं. त्यात लग्नाच्या मेजवानीचं गाणं होतं, झिंगलेला नवरदेव हेरिंग मासळीच्या पिंपात पडतो असं. चाल इतकी उडती की वाजवताना माझंच बूड खुर्चीवर टिकेना.

प्रयोगाला अख्खं गाव आलं. लाल झगा घालून स्टाइनवोर उभी राहिली, पहिली ओळ गायली आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सवयच ती! मी ड्रम बडवत सुटलो, उपयोग शून्य. ज्याची बायको शरद ऋतूत गेली तो थोर्लाकुर पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. गाणं संपलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. इथेही कुणी वाजवल्या नाहीत.

"कोण मेलं रे?" विंगेत येऊन तिनं मला विचारलं.

तेवढ्यात थोर्लाकुर आला. "स्टाइनवोर, माझ्या वेळी हेच गा गं. फक्त जरा सावकाश घे."

वसंतात तो गेला. तिनं सावकाश गायलं. मग ज्याला त्याला तेच हवं झालं. गाण्यात पिंपाचा समुद्र झाला, नवरदेवाचा बुडालेला खलाशी. तिनं पुन्हा एकही चाल बांधली नाही. पियानोवर इस्त्रीचे कपडे साठू लागले.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. चर्चमध्ये गावकऱ्यांनी तेच गाणं रडत-रखडत म्हटलं. मला एकेकाची मानगूट धरावीशी वाटली. माझा पाय मात्र आपोआप खऱ्या लयीत हलू लागला, तिनं बांधली होती त्या लयीत.

शेजारच्या सोल्बोर्गनं माझा थरथरता गुडघा पाहिला आणि त्यावर हात दाबून ठेवला.

"रड बाबा," ती कुजबुजली. "रडायला लाज कसली?"

माझा पाय थांबला.