आबांच्या दातातलं घड्याळ

काल सांगलीत चष्म्याच्या दुकानात गेले होते. तिथल्या पोरीनं माझा चष्मा स्टीलच्या छोट्या डब्यात बुडवला, बटण दाबलं, आणि भिंगाच्या कडेनं मळाचा धूरच निघाला पाण्यात... ब्रश नाही, बोळा नाही. "आजी, हे अल्ट्रासॉनिक आहे," ती कौतुकानं म्हणाली. म्हटलं, बाई गं, तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हापासून ओळखते मी याला!

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर तासगावजवळच्या एका खेड्यातलं. माझे वडील, आबा, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवरून परत आले ते कानाचे पडदे फाटून... तेव्हा मी नुकती बोबडं बोलायला लागले होते. पुढे त्यांचे कान वाहू लागले आणि हळूहळू सगळंच ऐकू यायचं बंद झालं.

एकच आवाज त्यांच्याकडे उरला होता. पलटणीतून आणलेल्या मनगटी घड्याळाचा. ते घड्याळ दातात धरून आबा डोळे मिटून बसायचे... टिकटिक म्हणे हाडातून थेट डोक्यात जायची. गावातली माणसं हसायची, "आबा घड्याळ खात्यात!" आबांना ते ऐकूच यायचं नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्न नव्हता.

आणि एक दिवस ते घड्याळ बंद पडलं.

तासगावच्या कारागिरानं पेट्रोलमध्ये धुतलं, फुंकर मारली, पुन्हा धुतलं. दोन तास चालायचं की परत ठप्प. शेवटी तो म्हणाला, आता हे देव्हाऱ्यात ठेवा. आबा जेवेनात. मेंढरांमागे जायचे ते कुणाकडे न बघता परत यायचे. "समदं सामसूम झालं गं," एवढंच एकदा मला म्हणाले... मी तेव्हा माहेरपणाला आले होते.

मग मीच त्यांना एस.टी.त बसवलं आणि सांगलीला नेलं. तिथल्या एका घड्याळवाल्या काकांनी मुंबईहून नवीन मशीन आणलंय असं कानावर आलं होतं.

काकांनी घड्याळ उघडलं, सुटं केलं. बारीक चाकं, स्क्रू सगळं एका जाळीच्या डबीत घालून मशीनच्या द्रवात सोडलं. मला काही कळेना, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. "ताई, ह्यात आवाज सोडतो आपण. पण लय बारीक, माणसाच्या कानाच्या पल्याडचा. त्या आवाजानं आत डोळ्याला दिसनार न्हाईत असं बुडबुडं हुत्यात आनि फटाफटा फुटत्यात. जितं ब्रशचा केस शिरत न्हाई तितला मळ त्ये फुटताना उडवून लावत्यात."

मी आबांना खुणेनं सांगितलं... आवाज आहे, पण मला नाही ऐकू येत, काकांनाही नाही. आबांना दोनदा सांगावं लागलं. मग असे काही हसले! "मंजी आज तुमीबी माज्यासारकंच की!" कितीतरी दिवसांनी हसले होते.

आता गंमत ऐका. डबीत काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून आबा वाकले आणि त्यांनी हनुवटी टेबलावर टेकवली. लगेच दचकून उठले. पुन्हा टेकवली. "कायतरी गुनगुनतंय..." काकांनी मशीन बंद केलं. "थांबलं!" चालू केलं. "आलं!"

तो काही मळ काढणारा आवाज नव्हता. मशीनच्या पेटीची साधी घरघर होती, लाकडात उतरलेली. पण आबांनी मशीनकडे बघणंच सोडलं. माझा हात धरून मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, माझी हनुवटी लाकडावर दाबली, आपली या बाजूला टेकवली. "बोल."

काय बोलणार? बापाशी बोलायचं म्हणजे खुणा, एवढंच ठाऊक मला. तोंडातून निघालं, "आबा, च्या घ्यायचा का?"

आबांनी हनुवटी लाकडावर आणखी घट्ट दाबली. डोळे भरून आले. "अजून बोल..." मी गावातल्या सगळ्यांची नावं घेतली, मेंढरांची घेतली, नवऱ्याचंही घेऊन टाकलं! मग ते म्हणाले, "माज्या आयचा आवाज हाय गं तुजा. तसाच जाडाभरडा." मी लग्न होऊन सासरी गेलेली बाई, आणि माझा हा मोठेपणीचा आवाज माझ्या बापानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

इतकी वर्षं घड्याळ दातात धरलेलं सगळा गाव बघत होता. माणसाचा आवाजही त्याच वाटेनं आत जाईल, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. अशी आमची अक्कल!

संध्याकाळपर्यंत घड्याळ तेलपाणी होऊन चालू झालं. आबांनी ते खिशात टाकलं, दाताला लावलंसुद्धा नाही. त्यांना घरी जायची घाई झाली होती.

घरी टेबल कुठलं? आबांनी मुसळ उचललं. एक टोक स्वतःच्या हनुवटीला, दुसरं आईच्या. आईला आजवर त्यांच्याशी जे बोलायचं असे ते हातवारे करून, नाहीतर उगाचच ओरडून. पार वेशीपर्यंत आमच्या घरातलं सगळं कळायचं. आई आधी लाजली, मग आम्हा भावंडांना दारात उभं बघून म्हणाली, "आवं, ह्यास्नी आदी भाईर घालवा की!"

आम्ही बाहेर अंगणात बसलो. आत आई कितीतरी वेळ बोलत होती... हळू आवाजात. काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही, आबांनीही नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. त्या मशीनला मात्र मी अजून मनातल्या मनात हात जोडते.