डाव्या हाताची पानं

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या ओटीवर चटई पडायची आणि पत्ते निघायचे. भुईगावात आम्हा दोन भावांची घरं एकाच वाडीत, मधे फक्त विहीर. मी आणि धाकटा भाऊ एका बाजूला, आमच्या बायका दुसऱ्या बाजूला, असा मेंढीकोट आम्ही वर्षानुवर्षं खेळलो. घरात आमची बोली वेगळी. इथे ती शाळेच्या मराठीत लिहितो आहे, त्यामुळे भावाचा तिखटपणा थोडा कमी होईल. वडिलांना पत्ते मुळीच पसंत नव्हते, पण सकाळची चर्चमधली मिस्सा आणि संध्याकाळची जपमाळ कोणी चुकवत नाही म्हटल्यावर तेही गप्प झाले होते.

भाऊ डावखुरा. हुकूम मारायचा झाला की हात खांद्यापर्यंत उचलून पान असं आपटायचा की ओटीखालच्या कोंबड्या फडफडत पळायच्या. शिवाय आम्हा दोघांची लहानपणापासूनची एक खूण होती. हातात दश्शी असली की त्याने कानाची पाळी ओढायची. बायकांना संशय येऊ नये म्हणून तो अधूनमधून उगाचच नाकही खाजवायचा.

वाडीच्या आसपास बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी तो केळींना पाणी लावायला गेला आणि पाटातच पडला. मी धावत पोचलो तेव्हा पाणी त्याच्या अंगावरून वाहत होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर कित्येक महिने पत्त्यांचं नाव कोणी काढलं नाही. मग एका रविवारी भावजय आपणहून आमच्या ओटीवर आली, पत्ते पिसले आणि चौघांची पानं वाटली.

"बाय, चौथं कोण?" माझ्या बायकोने विचारलं.

"त्यांची मी खेळते," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, दोन डाव खेळेल आणि सोडून देईल. तिची पाळी आली की ती उजव्या हाताने पान टाकायची. भावाची पाळी आली की स्वतःची पानं मांडीवर पालथी ठेवायची, त्याची उचलायची आणि डाव्या हाताने टाकायची. खरं तर दोन्ही हातांतली पानं तिला दिसत होती. ठरवलं असतं तर तिने आणि माझ्या बायकोने प्रत्येक डाव जिंकला असता. पण त्याची पानं ती त्याच्याच मनाने खेळायची, स्वतःला हरवायला. त्याच्या चुकासुद्धा तिने सोडल्या नाहीत. एक्का हातात ठेववत नसे त्याला, पहिल्याच हाताला फेकून मोकळा व्हायचा. तीही तसंच करायची आणि मग त्याच्यासारखीच जीभ चावायची.

असे बरेच रविवार गेले. एकदा तिने त्याची पानं उचलली, जरा वेळ पाहिली आणि डाव्या हाताने कानाची पाळी ओढली. पुढच्याच हाताला बदामाची दश्शी चटईवर आपटली. कोंबड्या पळाल्या.

त्या खुणेबद्दल मी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी फादरना भेटलो. ते तरुण होते, गावात नवीनच आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भुताखेतांवर तुमचा विश्वास आहे का?"

"नाही, फादर."

"मग भीती कशाची वाटते?"

"ती हुबेहूब त्याच्यासारखी खेळते."

"मग तुम्ही उठून का जात नाही?"

सायकल हातात धरून मी वाडीतून घरी आलो. दुपारचं ऊन होतं, वारा नव्हता, तरी केळीची पानं सळसळल्यासारखी वाटली. मी वळून पाहिलं. पाटात कोणी उभं नव्हतं. तरीही मी थोडा वेळ तिथेच थांबलो.

खरं सांगायचं तर त्यानंतर मी रविवारची वाट पाहायला लागलो. भावाच्या पाळीला माझ्या तोंडून "टाक रे" निघून जायचं आणि भावजय टाकायची. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मृतांसाठी प्रार्थना होताना प्रत्येक जण आपापल्या माणसाचं नाव मनात घेतो. माझ्या मनात आईवडील यायचे, आजी यायची, भावापाशी मी अडायचो. दुपारी जो माझ्यासमोर खेळायला बसणार आहे, त्याच्यासाठी सकाळी चिरशांती कशी मागायची? इतकी वर्षं प्रार्थनांना बसलेला माणूस मी. हे पाप आहे की वेड, ते मला कळत नव्हतं.

शेवटी राहवलं नाही आणि बायकोला खुणेचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती हसायला लागली.

"अहो, ती खूण आम्हाला भावोजींचं लग्न झालं त्या वर्षीच कळली होती. तुम्ही दोघं खूश होता म्हणून आम्ही काही बोललो नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी मागच्या दारी जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसलो. भाऊ खरोखर येतो हे मी मनोमन मानलं होतं आणि ते खोटं ठरलेलं मला नको होतं.

त्याच वर्षी मृतात्म्यांचा दिवस आला. आम्ही तिघं दफनभूमीत गेलो, वाडीतली फुलं थडग्यावर वाहिली, मेणबत्त्या लावल्या. सगळा गाव तिथे होता. भावजय बराच वेळ खाली वाकून बसली होती. त्यानंतरच्या रविवारी तिने पत्ते पिसले आणि तिघांची पानं वाटली.

"त्याची?" मी विचारलं.

"ते आता येत नाहीत, दादा. मीच त्यांना सांगितलं, पुरे झालं, जा आता."

मला इतका राग आला की हातातली पानं मी चटईवर टाकली. "मला विचारायचं होतंस. भाऊ होता माझा."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सोडलं असतं का?"

बायकोने माझी पानं गोळा करून पुन्हा माझ्या हातात दिली. त्या दिवशी आम्ही पाच-तीन-दोन खेळलो, तो तिघांचा खेळ आहे.

पुढे विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलं, वाडी भावजयीच्याने होईना, तेव्हा तिच्या मुलीने तिला विरारला नेलं, मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी अधूनमधून भेटायला जायचो. ती आता नातवंडांबरोबर टीव्हीवर मालिका पाहायची आणि त्यातल्या सुनांना शिव्या द्यायची. एकदा घरात आम्ही दोघंच होतो. इतके दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं.

"कधी येतो का गं?"

ती हसली. "इथे? त्यांना इथला पत्ता कुठे माहीत आहे?"

बोलली आणि तिची नजर दाराकडे गेली. माझीही गेली. बाहेर कोणीतरी जिना चढत होतं. पावलं मजल्यावर आली, आमच्या दारापाशी जराशी रेंगाळली आणि वर निघून गेली. तिने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.