आशा आहे, पुरावा नाही

चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "आशा आहे, पुरावा नाही." वेस्टमीड स्टेशनवर ट्रेन येतेय का विचारा, कुकरमधला भात शिजला का विचारा, आमच्या या रूममेटचं उत्तर ठरलेलं.

त्या वर्षांत इथे परदेशात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. दोन खोल्यांच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आम्ही पाच मराठी मुलगे. असा एखादा तुमच्याही वाट्याला आला असेल. आमच्या वाट्याला हा सांगलीकर आला.

इथल्या एका झुडपाच्या पाल्यातून रक्ताच्या कॅन्सरवर औषध निघतं का, ही त्याची पीएचडी. काचेच्या ताटल्यांत पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यावर अर्क सोडायचा. "मारायला काय, फिनेलही मारतं," तो सांगे. "कॅन्सरच्या पेशी मेल्या पाहिजेत आणि चांगल्या जगल्या पाहिजेत. तिथेच तर लोचा आहे."

युनिव्हर्सिटीत जागा नव्हती म्हणून त्या झुडपाची एक कुंडी आमच्या बाल्कनीत असे. गणपतीत पत्री मिळेना, तेव्हा मी खुशाल तिचीच एकवीस पानं खुडून वाहिली. तो आला. बोडकं झुडूप पाहिलं, मखर पाहिलं आणि वही काढून लिहिलं: 'रुग्ण: गणपती. डोस: एकवीस पानं. दुष्परिणाम: अद्याप नाहीत.'

"मेट, दोन महिन्यांचं काम वाहिलंस," एवढंच इथल्या लोकांच्या थाटात म्हणाला. मी तीन दिवस त्याच्या वाटणीची भांडी घासली.

त्याच वर्षी त्याच्या पाच वर्षांच्या भाचीला तोच आजार निघाला. फोनवर ताई रडत होती, "तुझ्या त्या झाडाचा काढा तरी पाठव रे."

त्याने चष्मा वर सरकवला. "ताई, माझ्या झाडाची आशा आहे, पुरावा नाही. डॉक्टर देतात त्यात सदाफुलीतून काढलेलं औषध आहे, त्याला पुरावा आहे. एकही डोस चुकवू नको. आणि अंगणातली सदाफुली उकळून पाजू नको, विष असतं ते."

फोन ठेवून तो एकच कुकर तीनदा घासत बसला. मला त्याची फार माया आली. मी तो कुकर पुसून ठेवला.

त्याच्या झुडपाने शेवटी चांगल्या पेशीही मारल्या. तसंच प्रामाणिकपणे प्रबंधात लिहून तो सांगलीला परतला. कुंडी माझ्याकडे राहिली.

वर्षभराने त्याची एक ईमेल आली. आत फक्त एक फोटो: पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी, नव्याने आलेल्या केसांच्या दोन इवल्या शेंड्या, लाल रिबिनी. खाली त्याने एकच शब्द लिहिला होता.

'पुरावा.'