आवाजार्थे अक्षता

गिऱ्हाइकाच्या मागणीच्या कागदावर आवाजाबद्दल एकच ओळ होती : ‘वजन मोठ्याने बोलून सांगावे, सोय असल्यास.’ त्या एका ‘असल्यास’नं संपदाचं आणि माझं डोकं वर्षभर खाल्लं.

आम्ही दोघी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहोत. संपदा प्रोग्राम लिहिते आणि मी, ललिता, त्यातल्या चुका शोधते. तिचे वडील गोविंदशास्त्री गोदाकाठी यात्रेकरूंना पूजा सांगतात. नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या वजनकाट्यांचा प्रोग्राम हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन पडद्यावर यायचं, आणि शेतकऱ्याला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर बोललंही जायचं. बोलण्यासाठी एक आयती लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, होती. काही काट्यांवरच्या कॉम्प्युटरमध्ये ती होती, काहींत नव्हती.

ती आहे की नाही हे बघायचं कधी, यावरून सगळा तंटा. आमचे धवल सर म्हणाले, कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्राम बांधून पाठवण्याआधीच, ठरवून टाका : एक बोलका प्रोग्राम, एक मुका. संपदा म्हणत होती, एकच बांधू. सुरू झाल्यावर त्यानं स्वतः बघावं, लायब्ररी नसली तर गप्प बसून वजन करावं.

“यजमानाच्या ताटात दागिना नसला म्हणून बाबा पूजा थांबवत नाहीत, सर. तिथल्या तिथं ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात, दागिन्याऐवजी अक्षता वाहतात आणि पुढे जातात.”

“हे ऑफिस आहे, घाट नाही,” सर म्हणाले. मला त्यांच्या चहात मीठ घालावंसं वाटलं. शेवटी सरांचंच चाललं. मग चिठ्ठी छापणंही ‘असल्यास’ झालं, कॅमेराही ‘असल्यास’ झाला, आणि दोन प्रोग्रामचे आठ झाले. कोणता कुठे पाठवायचा याचा तक्ता भिंतीवर, आणि तक्ता चुकीचा! सांगून सांगून तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी सकाळी नामपूरहून काटा सांभाळणाऱ्या किशोरचा संपदाला फोन आला. त्यानंच मालकाच्या मागे लागून वजनं लिहायची वही बंद करायला लावली होती.

“ताई, उघडतच नाय. ‘लायब्ररी सापडली नाही’ म्हणतो नि बंद पडतो. अठे काट्यापुढं ट्रॅक्टरस्नी लाईन लागेल शे. मालक म्हणतात, दहापर्यंत बघतो, नाहीतर वही काढ, पुन्हा कॉम्प्युटरचं नाव नको.”

मुक्या काट्यावर आम्ही बोलका प्रोग्राम पाठवला होता. बोलता येत नाही म्हणून गडी वजन करायलाच तयार नव्हता! घड्याळात पावणेदहा झाले होते. सर म्हणाले, “तक्ता आणा, बघू.” संपदाचं वर्षभराचं काम त्या पंधरा मिनिटांत बुडणार होतं.

तिनं तक्ता आणला नाही. स्वतःच्या मताप्रमाणे एक प्रोग्राम तिनं महिन्यापूर्वीच लिहून ठेवला होता आणि मी तो गुपचूप तपासलाही होता. तोच तिनं सरांना न विचारता नामपूरला धाडला.

पाच मिनिटं फोनवर नुसती ट्रॅक्टरची धडधड येत राहिली.

“उघडला, ताई,” किशोर म्हणाला. “पण पडद्यावर ‘आवाजार्थे अक्षता’ लिहेल शे. लगीन कोणाचं हे?”

संपदानं जीभ चावली. गमतीत लिहिलेली ती ओळ काढायची राहून गेली होती, आणि चुका शोधणाऱ्या मलाही ती दिसली नव्हती.

“म्हणजे आवाज नाही, भाऊ. वजन बरोबर दाखवेल, बोलणार मात्र नाही,” संपदा म्हणाली.

“मग मी कशाला हाय?” किशोर म्हणाला, आणि फोन तसाच हातात धरून त्यानं खिडकीतून घसा ताणला : “एकतीस क्विंटल वीस किलो!”

सर दारात उभे होते. “अगं, फोन ठेव आता,” ते म्हणाले. संपदानं तो ठेवला नाही. पुढच्या ट्रॅक्टरचं वजनही तिनं ऐकलं.